सराफी पेढीतून मनगटी घड्याळाकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातील शहापूरच्या आमच्या पेढीत ठुशी आणि मोहनमाळेच्या शेजारी आम्ही स्वतः आखलेले मनगटी घड्याळ मांडले, त्या दिवसापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी येथून आणि सीमेपलीकडच्या चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडून तेच तेच प्रश्न येत आहेत. त्यांतील निम्मे ग्राहकांचे असतात आणि निम्मे, खरे सांगायचे तर, या वाटेने जाऊ पाहणाऱ्या सराफ बंधूंचे. येथे ते सोप्यापासून अडचणीच्यापर्यंत लावले आहेत. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तेथील क्रमांक दिला आहे.

१. आपण घड्याळे विकता, जोडता, की बनवता?

आरेखन आमचे, काही कारागिरी आमची आणि मशीन, म्हणजे आतली काटे फिरवणारी यंत्रणा, विकत घेतलेले, असे याचे सरळ उत्तर आहे. केसचा, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाचा, आकार, तबकडी, काटे, चावीचे बोंड आणि पट्टा यांची चित्रे पेढीच्या माडीवर काढली जातात. तबकडीवरचे चांदीकाम आणि सोन्याच्या केसला शेवटचा उजळा आमचेच कारागीर देतात. बाकीचे भाग त्या त्या कामाच्या माणसांकडून करून घेतो आणि जुळणी पुन्हा येथेच होते. आम्ही ‘स्वतंत्र’ हा शब्द मर्यादित अर्थाने वापरतो: या घड्याळामागे कोणताही मोठा उद्योगसमूह नाही, एका खेपेला पन्नासच्या आसपास नग निघतात, आणि तबकडी कशी असावी हे ठरवणाऱ्या माणसालाच बिघाडाचा फोनही घ्यावा लागतो.

२. मशीन बाहेरून घेता, मग घड्याळ तुमचे कसे?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुधा थोड्या टोमण्याच्या सुरात येतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. मशीन एकाने करावे आणि घड्याळ दुसऱ्याने घडवावे ही या धंद्यातली जुनी रीत आहे. पॅरिसच्या लुई कार्तिए यांनी १९०४ मध्ये वैमानिक आल्बेर्तो सांतोस-दुमाँ यांच्यासाठी मनगटी घड्याळ आखले आणि १९०७ मध्ये एदमाँ जेगर यांच्याशी मशिनांचा करार केला. कार्तिए हे घराणे मूळचे जवाहिऱ्यांचेच. मशिनात मागेपुढे हलून वेळेची लय राखणाऱ्या बॅलन्स चाकाला जोडलेली हेअरस्प्रिंग नावाप्रमाणेच केसासारखी बारीक असते, आणि ती सतत एकाच गुणाची बनवू शकणारे कारखाने जगात मोजके आहेत. पन्नास घड्याळांसाठी तसा कारखाना काढणे म्हणजे दोन भाकऱ्यांसाठी गिरणी बांधण्यासारखे आहे.

आमच्या मते लाज मशीन विकत घेण्यात नाही, ते लपवण्यात आहे. दुसऱ्याचे मशीन घ्यायचे, त्याच्या फिरत्या वजनावर आपले नाव कोरायचे आणि ‘आमचे स्वतःचे कॅलिबर’, म्हणजे मशीन, म्हणून विकायचे, हा प्रकार सराफीत पितळेवर मुलामा देऊन सोने म्हणून विकण्याच्या जातीचा आहे. आमच्या बिलावर मशिनाचे नाव आणि क्रमांक लिहिलेला असतो.

३. नव्याने सुरुवात करणाऱ्या सराफाने कोणते मशीन घ्यावे?

सर्वसाधारणपणे तीन ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या, मशिनांमध्ये निवड करावी लागते. जपानी एनएच ३५ हे दणकट आणि स्वस्त आहे, पण ५.३२ मिलिमीटर जाड आहे आणि तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा ठोके घेते. जपानचेच मियोटा ९०१५ हे ३.९ मिलिमीटर जाड, आणि स्वित्झर्लंडचे सेलिटा एसडब्ल्यू २०० हे ४.६ मिलिमीटर जाड असून दोन्ही तासाला २८,८०० ठोक्यांची आहेत, त्यामुळे त्यांचा सेकंद काटा अधिक सलग सरकल्यासारखा दिसतो. दागिना घडवणाऱ्याला दीड मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो. मनगटावर, विशेषतः सदऱ्याच्या बाहीखाली, तो लगेच जाणवतो.

काटे मागवताना मात्र भोकाचे माप नीट पाहावे. सेलिटाला तास काट्याचे भोक १.५० मिलिमीटर, मिनिट काट्याचे ०.९० आणि सेकंद काट्याचे ०.२५ लागते, एनएच ३५ ला पहिली दोन मापे तीच, पण सेकंद काट्याचे ०.२० आहे. आमच्या पहिल्या खेपेचे पन्नास सेकंद काटे या पाच शतांशांपायी वाया गेले. आजही ते डबीत पडून आहेत.

४. सोनाराच्या हाताला घड्याळ जमते का?

डोळ्याला जमते, हाताला नव्याने शिकवावे लागते. ज्यांच्या घड्याळांची आजही नक्कल होते ते जेराल्ड जेंटा मूळचे जवाहिऱ्याचे शिक्षण घेतलेले होते. ओदेमार पिगेसाठी ‘रॉयल ओक’ त्यांनी आखले, ते १९७२ मध्ये बाजारात आले, आणि पाटेक फिलिपचे ‘नॉटिलस’ १९७६ मध्ये. लंडनचे जवाहिरे अँड्र्यू ग्रिमा यांनी १९६९ मध्ये ओमेगासाठी आखलेल्या मालिकेत काचेच्या जागी रत्न बसवून त्यातून वेळ दाखवली. कड कुठे धारदार ठेवायची, कुठे मारायची, चकाकी आणि खरखरीत पोत यांच्यामधली रेघ कशी स्वच्छ राखायची, कोंदणात खडा बसवताना किती दाब द्यायचा, हे सगळे शिक्षण घड्याळाच्या केसवर जसेच्या तसे उपयोगी पडते.

सवयी मात्र आड येतात. दागिन्यात एक दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर कानस फिरवून भागते. केसमध्ये एक दशांश म्हणजे मशीन हलते किंवा मागचे झाकण बसत नाही, आणि येथे हिशेब शतांशांचा असतो. सोनाराच्या कामाच्या जागी पॉलिशची तांबडी भुकटी सर्वत्र असते. तिचा एक कण काचेखाली गेला तर तबकडीवर तो डोंगराएवढा दिसतो, म्हणून जुळणीची खोली वेगळीच हवी. दागिना धुण्याच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात मशिनासह घड्याळ कधीही टाकू नये. आणि लोहचुंबक. कानशीच्या भुकटीतले लोखंडाचे कण काढून टाकण्यासाठी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तो वापरत आलो आहोत. सुरुवातीच्या एका घड्याळाचा काटा रोज कित्येक मिनिटे पुढे पळू लागला, तेव्हा मशीन सदोष आले असे समजून मी पुरवठादाराला कडक पत्र लिहिले होते. नंतर कळले की घड्याळ रात्री ज्या खणात ठेवत होतो त्याच खणात चुंबकही होता. चुंबकत्वाने हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, ती जणू आखूड होते आणि घड्याळ पळू लागते. चुंबकत्व काढणारे छोटे यंत्र मिळते; ते घेतले आणि पुरवठादाराची क्षमाही मागितली.

५. घड्याळात सतरा किंवा चोवीस ‘ज्वेल’ असतात, ती खरी रत्ने का? विकली तर काय येईल?

ती माणके आहेत, पण कारखान्यात बनवलेली. ऑग्यूस्त व्हेर्नुई यांनी १९०२ मध्ये कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली आणि त्यानंतर हे खडे स्वस्त झाले. चाकांच्या आसाची टोके या खड्यांच्या भोकांत फिरतात, त्यामुळे घर्षण आणि झीज कमी होते. त्यांचे काम बेअरिंगचे आहे. मोडीत त्यांचे काहीही येत नाही.

६. सोन्याची केस बावीस कॅरटची का करत नाही? आमच्याकडे अठरा कॅरट कमअस्सल मानतात.

बेळगावात हा समज फार पक्का आहे आणि दागिन्यापुरता तो समजण्यासारखाही आहे. बावीस कॅरटमध्ये हजारात ९१६ भाग शुद्ध सोने असते, अठरामध्ये ७५०. उरलेले तांबे आणि चांदी. शुद्धता वाढते तसे सोने मऊ होते. पाटली थोडी चेपली तरी पाटलीच राहते, पण घड्याळाची केस चेपली की काचेखालचे रबरी कडे आपली जागा सोडते आणि पाणी आत शिरते. पट्ट्याची पिन ज्या भोकात बसते ते भोक मऊ सोन्यात रुंदावत जाते आणि झाकणाचे आटे झिजतात. घरच्याच एका वडीलधाऱ्यांच्या आग्रहाखातर एक केस बावीस कॅरटमध्ये केली होती. दोन महिन्यांत पिन सैल झाली आणि घड्याळ लग्नाच्या मांडवात खाली पडले. जगभर सोन्याची घड्याळे बहुतांशी अठरा कॅरटची असण्याचे कारण हेच आहे.

वजनाबाबत एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अठरा कॅरट पिवळे सोने त्याच आकाराच्या पोलादाच्या जवळजवळ दुप्पट जड असते. काहींना हा भार आवडतो आणि काहींना तासाभरात नकोसा होतो, म्हणून ऑर्डर देण्याआधी हातात घालून पाहावे.

७. मग या सोन्याच्या केसवर हॉलमार्क आणि एचयूआयडी असतो का?

सक्तीने नाही, आणि येथे सराफही गोंधळतात. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या सहा अक्षर-अंकांच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाशिवाय, हॉलमार्कचे सोन्याचे दागिने विकता येत नाहीत. परंतु सोन्याची घड्याळे आणि फाउंटन पेन यांना, तसेच कुंदन, पोलकी आणि जडावाच्या दागिन्यांना या सक्तीतून वगळले आहे. सक्ती नसल्याचा फायदा घेऊन कस उतरवणारा विक्रेता भेटू शकतो, म्हणून ग्राहकाने केसच्या कसाची लेखी नोंद बिलावर मागावी. आम्ही प्रत्येक खेपेच्या सोन्याची तपासणी करून घेतो आणि त्या अहवालाची प्रत घड्याळासोबत देतो. सोन्याच्या किमतीचा घड्याळाच्या किमतीशी काय संबंध आहे, त्यासाठी प्रश्न १४ पाहावा.

८. बेळगाव म्हणजे फाउंड्रीचे गाव. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत केस बनवून मिळणार नाही का?

मिळते, पण फाउंड्रीतून नव्हे. वाळूच्या साच्यातल्या ओतकामाला घड्याळाच्या केसची सफाई आणि घनता येत नाही. आम्ही सराफ ज्या मेणाच्या साच्याच्या पद्धतीने अंगठ्या ओततो, तिच्यानेही आम्ही सोन्याची केस करून पाहिली. दिसायला ती देखणी झाली, पण धातूत सुईच्या टोकाएवढ्या पोकळ्या राहिल्या आणि दाबाच्या चाचणीत तिथूनच बुडबुडे आले. केससाठी दाबून घट्ट केलेला पाटला किंवा गज घेऊन तो यंत्रावर कापावा लागतो.

या गावाचे खरे बळ यंत्रकामात आहे. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल मायक्रॉनच्या हिशेबात घासणारी माणसे उद्यमबागेत आणि मच्छेत आहेत, आणि हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे भाग बनतात. अडचण असते ती संख्येची. मोठ्या कारखान्याला पन्नास केसांचे काम परवडत नाही, आणि लहान जॉबवर्कवाल्याला ३१६ एल या गंजरोधक पोलादाचा कंटाळा येतो, कारण ते कापताना कडक होत जाते आणि हत्यारे खाते. आम्हाला शेवटी एक मेस्त्री असे भेटले ज्यांनी पहिल्या भेटीतच नकाशावरचा चावीच्या भोकाचा कोन चुकला आहे हे दाखवून दिले. काम त्यांनाच दिले. नमुन्यासाठी आधी पितळेची केस कापून घ्यावी, हा सल्लाही त्यांचाच.

९. कोल्हापुरी साज, ठुशी, मीनाकारी असे काम तबकडीवर उतरवता येईल का?

येते, पण सगळे उतरवू नये. सुरुवातीला आम्ही साजाची एकवीस पाने तबकडीभोवती मांडली होती. ती दागिना म्हणून सुंदर दिसत होती आणि वेळ मात्र कुणालाच वाचता येत नव्हती. तबकडीचा व्यास तीस मिलिमीटरच्या आसपास असतो आणि माणूस तिच्याकडे क्षणभरच पाहतो. आता आम्ही ठुशीतील एक गोष्ट उचलली आहे: तासांच्या खुणा म्हणून चांदीचे बारीक गोल मणी, बाराच्या जागी दोन, बाकी ठिकाणी एकेक. हे मणी सीमेपलीकडून हुपरीहून येतात, जेथे पैंजणांच्या कामामुळे एकसारखे मणी पाडणारे हात घरोघर आहेत. मणी डाख देऊन जोडता येत नाहीत, कारण त्या उष्णतेने तबकडीचा रंग जातो. प्रत्येक मण्याला बारीक पाय काढून तो भोकात बसवावा लागतो.

मीनाकारीचे गणित वेगळे आहे. मिना साधारण ८०० अंश सेल्सिअसला भाजला जातो आणि थंड होताना धातू आणि मिना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, म्हणून तबकडीच्या पाठीलाही मिन्याचा थर द्यावा लागतो. नाही तर ती वाकते किंवा तडकते. दोन्ही थर मिळून तबकडी साध्या तबकडीच्या जवळजवळ दुप्पट जाड होते आणि नेहमीच्या मशिनाचा काटे बसवण्याचा खांब तिला आखूड पडतो. उंच खांबाचे मशीन मिळते का, हे पाहूनच मिना ठरवावा. भट्टीतून बाहेर काढलेल्या तबकड्यांपैकी कित्येक टाकून द्याव्या लागतात, आणि त्या टाकलेल्यांची किंमत उरलेल्यांवर चढते.

१०. देवनागरी अंक घालता का? आणि कन्नड?

दोन्ही घालतो, मागेल तसे. देवनागरी अंकांची मनगटी घड्याळे नवी नाहीत. एचएमटीच्या ‘जनता’मध्येही तशी तबकडी होती. छोट्या आकारात १ आणि ९ यांच्या शेपट्या नीट वेगळ्या काढल्या नाहीत तर गफलत होते, म्हणून आम्ही हे अंक मोडी वळणाच्या मोहात न पडता जाड आणि सुटे काढून घेतले आहेत. कन्नड अंकांना गोलाई जास्त असल्याने ते गोल तबकडीत छान बसतात. दुकानाच्या फलकावर साठ टक्के कन्नड असावे हा राज्याचा नियम फलकासाठी आहे आणि आमच्या फलकावर तो पाळलेला आहे. त्याचा तबकडीशी संबंध लावून काही जण विचारतात, म्हणून येथे लिहिले.

११. पट्टा कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचा करता येतो का? त्याला ‘कोल्हापुरी’ म्हणता येईल?

चामडे वापरता येते, नाव वापरता येत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजयपूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे, पण ते चपलेपुरतेच आहे. अथणी आणि निपाणीकडचे, बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे मजबूत असते. मात्र ते पट्ट्यासाठी फार जाड असल्याने तासून पातळ करावे लागते आणि आतून मऊ अस्तर द्यावे लागते. घामाने ते काळवंडते. काहींना तो रंगच आवडतो. वनस्पतीने कमावलेल्या चामड्यावर लोखंडी वस्तूचा ओला स्पर्श झाला की काळा डाग पडतो आणि तो निघत नाही, म्हणून बक्कल गंजणाऱ्या धातूचे नसावे.

१२. ‘३० मीटर’ लिहिले आहे, म्हणजे पावसात घालता येईल ना?

पावसात येईल, पोहताना नाही. हा आकडा स्थिर पाण्याच्या दाबाच्या चाचणीचा आहे. हात पाण्यावर आपटतो तेव्हा क्षणिक दाब त्याहून वेगळा असतो. पाण्यात खोल बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे स्वतंत्र मानक आहे आणि त्यात किमान १०० मीटरची अट आहे. बेळगावच्या पावसाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकांत चावी नीट आत दाबलेली नसते, किंवा घड्याळ घालून कढत पाण्याने आंघोळ केलेली असते. काचेखाली वाफ दिसली तर त्याच दिवशी आणावे. आठवडाभर थांबल्यास मशिनावर गंज चढतो.

१३. एवढे पैसे देऊन घड्याळ दिवसाला पाच-दहा सेकंद चुकते, हे कसे?

चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळांत हे स्वाभाविक आहे. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. दहा सेकंदांची चूक म्हणजे ८,६४० सेकंदांत एका सेकंदाची. स्वित्झर्लंडच्या सीओएससी संस्थेचे क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळवण्यासाठी मशीन पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासतात, आणि तेथेही सरासरी दैनिक फरक उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतो. आम्ही वापरतो त्या मियोटा ९०१५ साठी निर्मात्याने उणे १० ते अधिक ३० सेकंदांची मर्यादा दिली आहे. विकण्यापूर्वी ते आम्ही जुळवून त्यापेक्षा बरेच आत आणतो. सेकंदाचा काटेकोरपणाच हवा असेल तर सेलवरचे साधे घड्याळ घ्यावे. ते खरोखर अधिक बरोबर चालते.

१४. किंमत कशी ठरते? सोन्याचा भाव अधिक घडणावळ असा हिशेब का देत नाही?

आमच्या पेढीत हा हिशेब शंभर टक्के उघडा असतो, त्यामुळे ग्राहकाला तोच घड्याळातही हवा असतो. चाळीस ग्रॅमची अठरा कॅरटची केस घेतली तर तीत तीस ग्रॅम शुद्ध सोने आहे, इतके सांगता येते आणि आम्ही ते सांगतोही. पण उरलेली किंमत वजनावर काढता येत नाही: यंत्रावर केस कापण्याचे तास, फुकट गेलेल्या तबकड्या, आरेखन, मशीन, वर्षानुवर्षे द्यावी लागणारी दुरुस्तीची हमी. पोलादाच्या घड्याळात धातूची किंमत तर नगण्यच असते. सराफ बंधूंना मी एकच सांगतो: पहिल्या दिवसापासून या मालाला तराजू लावू नका. एकदा लावला की ग्राहक दर महिन्याला भाव पाहून घासाघीस करतो, आणि ती त्याची चूक म्हणता येत नाही, कारण त्याला ती सवय आपणच लावलेली आहे.

करातही फरक आहे. दागिन्यावर ३ टक्के जीएसटी असतो, तर घड्याळावर १८ टक्के, केस सोन्याची असली तरी. शिवाय २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याला एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, ग्राहकाकडून गोळा करावा लागतो. तो ग्राहकाला आपल्या आयकराच्या हिशेबात वळता करून घेता येतो, त्यासाठी पॅन क्रमांक द्यावा लागतो.

१५. जुने सोने मोडीत देऊन घड्याळ घेता येईल का? आणि पुढे घड्याळच मोडीत घ्याल का?

पहिल्याला होय, त्या दिवसाच्या भावाने. दुसऱ्याला उत्तर असे की आम्ही केसच्या सोन्याचाच भाव देऊ, आणि तो आपण मोजलेल्या किमतीच्या बराच खाली असेल. मुलीच्या लग्नासाठी सोने म्हणून साठवायचे असेल तर घड्याळ घेऊ नये, पाटल्या घ्याव्यात. हे सांगून गेल्या वर्षात आम्ही विक्री गमावली आहे.

१६. कोल्हापूरचा ग्राहक असेल तर कर आणि कागदपत्रे वेगळी लागतात का?

कराचा दर तोच राहतो. बिलावर ग्राहकाचा पत्ता कर्नाटकातील असेल तर केंद्राचे नऊ आणि राज्याचे नऊ टक्के लागतात. महाराष्ट्रातील असेल तर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी, १८ टक्के. सराफांची खरी फसगत ई-वे बिलात, म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या कागदात, होते. सोन्याचांदीच्या दागिन्यांना ई-वे बिलातून सूट आहे, म्हणून आपली माणसे कागदाशिवाय निपाणीचा नाका ओलांडायला सरावलेली असतात. घड्याळ दागिन्यांच्या प्रकरणात मोडत नाही. पन्नास हजारांहून अधिक किमतीचा माल राज्याबाहेर पाठवताना ई-वे बिल काढलेच पाहिजे.

१७. नाव आणि डिझाइन यांची नोंदणी कशी करावी? पेढीचे नाव आधीच नोंदलेले आहे.

दागिने आणि घड्याळे दोन्ही ट्रेडमार्कच्या चौदाव्या वर्गात येतात, पण जुन्या अर्जात फक्त दागिने लिहिले असतील तर घड्याळांसाठी नवा अर्ज करावा. कर्नाटकातील अर्जदारांसाठी चेन्नईचे कार्यालय आहे. कोल्हापूरच्या सराफाला मात्र मुंबई. एकाच बाजारपेठेत, पन्नास कोसांच्या आत, दोन वेगळी कार्यालये, हा आपल्या सीमाभागाचा नेहमीचा अनुभव आहे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते.

केसच्या किंवा तबकडीच्या आकाराची नोंदणी डिझाइन कायद्याखाली होते, आधी दहा आणि मग पाच वर्षे. त्याची अट कडक आहे: अर्जापूर्वी ते डिझाइन कोठेही प्रसिद्ध झालेले नसावे. उत्साहाच्या भरात इंस्टाग्रामवर टाकलेले एक छायाचित्रही आड येऊ शकते. आमच्या पहिल्या केसबाबत नेमके हेच झाले आणि ती आज कुणीही बनवू शकतो.

१८. स्विस मशीन असेल तर ‘स्विस मेड’ लिहाल का?

नाही. १ जानेवारी २०१७ पासून त्यासाठी निर्मितीखर्चाचा किमान साठ टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो, शिवाय मशीन केसमध्ये बसवणे आणि अखेरची तपासणीही तेथेच व्हावी लागते. आमचे घड्याळ बेळगावात जुळते. भारत आणि स्वित्झर्लंडचा समावेश असलेल्या युरोपातील एफ्टा गटातील चार देशांमधील व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. म्हणजे आमच्यासारख्यांची स्पर्धा वाढेल, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ग्राहकाचा फायदाच होईल.

१९. माझ्याकडे दुसऱ्या नामांकित कंपनीचे घड्याळ आहे. तुम्ही सराफ आहात, त्याच्या कडेला हिरे बसवून द्याल का?

हे काम आम्ही घेत नाही. कारागिराला ते अवघड नाही, पण बेझेल, म्हणजे काचेभोवतीची कड, कोरले की मूळ कंपनीची हमी जाते, पाण्याची चाचणी निरर्थक ठरते आणि पुढे विकताना किंमत वाढण्याऐवजी बहुधा उतरते. आमच्याच घड्याळावर हिरे हवे असतील तर ते केस कापण्यापूर्वी सांगावे, कारण खड्यांच्या घरांसाठी कडेची जाडी आधीच वाढवावी लागते. बनलेल्या केसवर नंतर बसवण्याची विनंती आमच्याही घड्याळाबाबत आम्ही नाकारतो.

२०. उद्या तुम्ही हा उद्योग बंद केलात तर माझे घड्याळ कोण दुरुस्त करणार?

हा प्रश्न जुने ग्राहक विचारतात, आणि तो रास्त आहे. बंगळूरला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेला एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मान्यता दिली. तरीही ती घड्याळे खडे बाजारात आणि गणपत गल्लीत आजही उघडून साफ केली जातात, कारण ती लाखोंनी निघाली आणि त्यांचे सुटे भाग अजून हाताहातांत फिरत आहेत. आमची घड्याळे पन्नासांनी निघतात, त्यामुळे त्यांना तसे नशीब लाभणार नाही. म्हणूनच आम्ही आमच्या मनाचे, विचित्र मापाचे मशीन शोधत बसलो नाही. प्रश्न ३ मधील मशिने कोणताही जाणकार कारागीर उघडू शकतो आणि पूर्ण मशीनच बदलणेही परवडते.

जे भाग फक्त आमचेच आहेत, म्हणजे काच, काटे, तबकडी, चावीचे बोंड आणि रबरी कडी, त्यांचे प्रत्येक खेपेमागे दहा जादा संच करून ठेवले आहेत. काच आणि कड्यांची मापे हमीपत्राच्या मागच्या पानावर छापलेली आहेत, म्हणजे ती बाहेरही करून घेता येतील. दर चार-पाच वर्षांनी तेल बदलून घ्यावे. हमीपत्र हरवले असेल तर झाकणावरचा क्रमांक कळवावा, दुसरी प्रत विनामूल्य मिळते.